भावांतर आणि सोयाबीनचे भाव : ऑनर्सच्या लघुप्रबंधाच्या नोंदी, इंदूर

अर्थशास्त्राच्या चौथ्या वर्षाला ‘ऑनर्स विथ रिसर्च’ घेणाऱ्यांसाठी या नोंदी ठेवल्या आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या डिसेंबर २०२२च्या आराखड्यानुसार पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के हवेत आणि लघुप्रबंधाला १२ क्रेडिट आहेत. विषय २०१७च्या खरिपातली मध्य प्रदेशाची भावांतर भुगतान योजना, म्हणजे हमीभावापेक्षा कमी भावाने माल गेला तर फरक सरकारने द्यायची योजना. मंडी हा शब्द इंदुरी सवयीने येईल, महाराष्ट्रातल्या वाचकांनी तिथे बाजार समिती वाचावं.

२२ जुलै २०२४

पहिलं शीर्षक होतं : ‘भावांतर योजनेचा शेतकऱ्यांच्या उत्पन्नावर परिणाम’. गाईड मॅडमनी एकच विचारलं, उत्पन्नाची आकडेवारी कुठे आहे? मंडीच्या नोंदीत भाव असतो आणि आवक असते. विकणाऱ्याचं उत्पन्न, त्याचा खर्च, घरी राखून ठेवलेला माल, यातलं काही नसतं. शीर्षकावर आठ दिवस गेले होते, ते वाया.

नवा प्रश्न : योजना चालू असताना मध्य प्रदेशातल्या मंड्यांमधला सोयाबीनचा भाव राजस्थान आणि महाराष्ट्रातल्या भावांच्या तुलनेत बदलला का? याला रोजचे भाव पुरतात.

विषय ठरवताना आधी आकडेवारीचा एक रकाना उघडून बघावा आणि मग शीर्षक लिहावं. उलट क्रमाने गेलं की जुलै-ऑगस्ट शीर्षकं बदलण्यात जातात. वर्गातल्या दोघांचे तसे गेले.

५ ऑगस्ट

योजनेचे नियम कागदावर उतरवले. योजना १६ ऑक्टोबर २०१७ला सुरू झाली, आठ पिकांसाठी. नोंदणी केलेल्या शेतकऱ्याने राज्यातल्या ठरलेल्या मंडीत माल विकला तर हमीभाव आणि विक्रीचा भाव यातला फरक सरकार खात्यात जमा करणार, पण त्याला मॉडेल रेटची मर्यादा. हा रेट मध्य प्रदेश आणि आणखी दोन राज्यांतल्या भावांच्या सरासरीवरून निघायचा. सोयाबीनसाठी ती दोन राज्यं म्हणजे महाराष्ट्र आणि राजस्थान.

आकड्यांत मांडल्याशिवाय हे डोक्यात बसत नाही. हमीभाव ३,०५०. ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्याचा मॉडेल रेट २,५८०. म्हणजे क्विंटलमागे जास्तीत जास्त ४७० रुपये.

२,८०० ला विकलं : २५० मिळाले, हाती ३,०५०.
२,३०० ला विकलं : ४७० मिळाले, हाती २,७७०.
३,१०० ला विकलं : काही नाही.

मॉडेल रेट आणि हमीभाव यांच्या मध्ये विकणाऱ्याला विक्रीचा भाव मॉडेल रेटपर्यंत पडला तरी फरक पडत नाही, ती भर सरकार घालतं. मॉडेल रेटच्या खाली विकणाऱ्याचा प्रत्येक रुपया त्याचा स्वतःचा जातो. घासाघीस करायची गरज नेमकी कुणाला उरते, हे या तीन ओळींत दिसतं. प्रबंधाचं दुसरं प्रकरण यावरच उभं केलं.

दोन खड्डे. पहिला : २०१७-१८चा हमीभाव काही ठिकाणी २,८५० लिहिलेला सापडतो. तो बोनसशिवायचा आहे. २०० रुपये बोनस धरून ३,०५० होतात आणि योजनेचा हिशोब त्यावर चालतो. दुसरा खड्डा नावाचा. मंडीच्या रोजच्या नोंदीत ‘मोडल’ भाव असतो, म्हणजे ज्या भावाला त्या दिवशी सर्वात जास्त माल गेला तो. महाराष्ट्राच्या पणन मंडळाच्या तक्त्यात त्याला ‘सर्वसाधारण दर’ म्हणतात. योजनेतला ‘मॉडेल’ रेट वेगळा. पहिल्या मसुद्यात अकरा ठिकाणी एकाच्या जागी दुसरा पडला होता. शेवटी मोडलला सगळीकडे ‘सर्वसाधारण दर’ केलं.

१९ ऑगस्ट

रोजचे भाव अॅगमार्कनेट या केंद्र सरकारच्या बाजारभावांच्या संकेतस्थळावरून घेतले : २०११ ते २०१७, दर वर्षी १ ऑक्टोबर ते ३१ डिसेंबर, तिन्ही राज्यं. एकदम सात वर्षं मागितली की उतरवणं (डाउनलोड) अर्ध्यात तुटायचं, म्हणून एक राज्य, एक महिना, एक फाइल असं केलं. ३ राज्यं × ७ वर्षं × ३ महिने = ६३ फाइली. नावं शिस्तीत ठेवली : राज्य, वर्ष, महिना. पहिल्या दिवशी ब्राउझरने दिलेली नावं तशीच राहू दिली होती, त्यामुळे एक महिना दोनदा आला आणि एक आलाच नाही. ते कळलं दहा दिवसांनी.

२०१८ घेतलं नाही. त्या खरिपात ठरावीक रक्कम देण्याची वेगळी तऱ्हा आली, त्यामुळे ‘योजना नसलेलं वर्ष’ म्हणून ते चालत नाही.

२ सप्टेंबर

सगळ्या फाइली एक्सेलमध्ये जोडल्या आणि आवकेचा आलेख काढला. सोयाबीन वर्षभर येत होतं, जानेवारीत, मार्चमध्ये, मे महिन्यात. तेही प्रत्येक महिन्याच्या फक्त १०, ११ आणि १२ तारखेला.

हा तारखेचा घोळ. मूळ फाइलीत ०५/११/२०१७ म्हणजे ५ नोव्हेंबर. संगणकाची मांडणी अमेरिकी असल्यामुळे एक्सेलने तो ११ मे केला. तारीख १३ किंवा पुढची असली की एक्सेलला असा महिना सापडत नाही, मग तो रकाना साधा मजकूर म्हणून राहतो. म्हणून दर महिन्याचे पहिले बारा दिवस इकडेतिकडे उडाले आणि उरलेले जागेवर राहिले. वाईट प्रकार असा की १० नोव्हेंबरचा भाव ११ ऑक्टोबरला जाऊन बसतो. तो हंगामातच असल्यामुळे आलेखात खटकत नाही. मे महिन्यातलं सोयाबीन दिसलं नसतं तर हे प्रबंधापर्यंत गेलं असतं.

उपाय : सीएसव्ही (साध्या मजकुरातल्या तक्त्याची) फाइल एक्सेलमध्ये उघडायचीच नाही. ‘आर’ या आकडेवारीच्या सॉफ्टवेअरमध्ये सगळे रकाने मजकूर म्हणून वाचायचे आणि मग त्याच्या लुब्रिडेट पॅकेजने दिवस-महिना-वर्ष असा क्रम सांगून तारीख करायची. एकदा एक्सेलने उघडून सेव्ह केलेल्या फाइलीवर भरवसा ठेवू नये, पुन्हा उतरवावी. ६३ पैकी ४१ पुन्हा उतरवल्या. दोन दिवस.

१४ सप्टेंबर

महाराष्ट्राच्या काही रिकाम्या आठवड्यांसाठी पणन मंडळाचे आकडे जोडले आणि लातूरची आवक एका आठवड्यात दहापट झाली. अॅगमार्कनेटची आवक टनांत असते, पणन मंडळाची क्विंटलमध्ये. दहाने भागलं, जागेवर आली. भाव दोन्हीकडे रुपये प्रति क्विंटलच, म्हणून भावाच्या आलेखात ही चूक दिसत नाही.

साफसफाईचे नियम असे ठरवले, आणि एकदा ठरल्यावर निकाल बघून ते बदलायचे नाहीत असंही :

सर्वसाधारण दर किमानापेक्षा कमी किंवा कमालपेक्षा जास्त असेल तर ओळ बाद. मंडीच्या सात दिवसांच्या मध्यकापासून ४० टक्क्यांहून दूर असेल तर खूण करून डोळ्यांनी बघायची, यात ३४५ आणि ३४५०० असे शून्याचे घोळ सापडतात. शून्य लावून किंवा काढून भाव आदल्या-पुढच्या दिवसाशी जुळला तर दुरुस्त, नाहीतर बाद. एकाच मंडीच्या एकाच दिवशी ‘पिवळा’ आणि ‘इतर’ अशा दोन ओळी आल्या तर आवकेच्या भाराने सरासरी. किमान, कमाल, सर्वसाधारण तिन्ही तेच आणि सलग चार दिवस तेच असतील तर खूण, आणि शेवटची चाचणी त्या ओळी धरून एकदा, वगळून एकदा.

मंड्यांच्या नावांची स्पेलिंगं वर्षागणिक बदलतात. त्यासाठी हाताने एक तक्ता केला, जुनं नाव आणि ठरलेलं नाव. याला यंत्रावर सोडू नये. अंदाजे जुळवणीने दोन वेगळी गावं एक करून ठेवली होती.

८ ऑक्टोबर

लक्ष्मीबाईनगर मंडीत तिसरी फेरी. ट्रॉलीचा मागचा फाळका पाडून ढीग ओततात. व्यापारी ढिगात कोपरापर्यंत हात घालून आतलं सोयाबीन वर काढतो, कारण वरचा थर उन्हाने वाळलेला असतो आणि ओल आत असते. दाणा दाताखाली धरतो. टचकन फुटला तर बोली वर जाते, चिवट लागला की तिथेच थांबते. हमीभावाच्या दर्जाला ओलाव्याची मर्यादा १२ टक्के आहे. एकाच सकाळी, एकाच ओट्यावर, शेजारशेजारच्या दोन ढिगांच्या भावात मोठं अंतर पडतं ते यामुळे. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यातला आणि नोव्हेंबरअखेरचा सोयाबीन हे भावाच्या दृष्टीने दोन वेगळे माल आहेत, हे आकड्यांकडे बघून कळलं नसतं.

सर्वेक्षण मात्र फसलं. ४० फॉर्म छापले होते, चार-चार पानांचे. प्रश्न : ‘२०१७ मध्ये आपण सोयाबीन किती भावाने विकलं?’ सात वर्षांपूर्वीचा भाव कुणाला आठवणार? ज्यांनी आकडा सांगितला त्यांनी बहुधा हमीभावच सांगितला. जमीन बिघ्यात सांगतात आणि बिघा गावागणिक बदलतो. नऊ फॉर्म भरल्यावर काम थांबवलं. तीन आठवडे आणि १६० रुपये गेले. मंडीच्या फेऱ्या वाया गेल्या नाहीत, पण त्यासाठी फॉर्मची गरज नव्हती.

१५ नोव्हेंबर

दिवाळीचा प्रश्न. लक्ष्मीपूजन २०११ला २६ ऑक्टोबर, २०१२ला १३ नोव्हेंबर, २०१३ला ३ नोव्हेंबर, २०१४ला २३ ऑक्टोबर, २०१५ला ११ नोव्हेंबर, २०१६ला ३० ऑक्टोबर, २०१७ला १९ ऑक्टोबर. मंड्या तेव्हा बंद असतात. त्याआधी सणाला पैसा हवा म्हणून मालाची गर्दी होते. नंतर मुहूर्ताचे सौदे, त्यात पहिल्या ट्रॉलीला हौसेचा भाव. योजना सुरू झाली दिवाळीच्या तीन दिवस आधी. २०१७च्या ‘पहिल्या आठवड्याची’ २०१६च्या त्याच तारखांशी तुलना केली तर सणाचा परिणाम योजनेच्या नावावर जमा होतो.

पहिला प्रयत्न : आठवडे दिवाळीपासून मोजले. फसला. २०१२ची दिवाळी उशिरा होती, तोवर माल वाळलेला. २०१७ला दिवाळीच्या आधीचा माल ओला. सण जुळला, ओलावा सुटला.

दुसरा प्रयत्न, जो शेवटी राहिला : आठवडे कॅलेंडरचेच ठेवायचे, आणि प्रत्येक वर्षी दिवाळीच्या दोन दिवस आधीपासून सहा दिवस नंतरपर्यंतचे दिवस काढून टाकायचे. २०१७ला याने १७ ते २५ ऑक्टोबर गेले. योजनेच्या पहिल्या पंधरवड्यातले मोजकेच दिवस उरतात, हे प्रबंधात स्पष्ट लिहिलं. कमाल भाव कुठेच वापरला नाही, मुहूर्तामुळे तो बिघडतो.

डिसेंबरात सातव्या सत्राच्या परीक्षा. काम बंद.

११ जानेवारी २०२५

तुलनेसाठी कुठल्या मंड्या? राजस्थानात कोटा, रामगंज मंडी, भवानी मंडी. महाराष्ट्रात लातूर, वाशिम, अकोला. भवानी मंडीचा रेल्वे फलाटच दोन राज्यांत पसरलेला आहे. हवामान, वाण, व्यापार सगळं माळव्यासारखं, तुलनेला याहून जवळचं काय सापडणार! अडचणही तीच. भावांतराचा पैसा फक्त मध्य प्रदेशातल्या मंडीत विकल्यावर मिळणार, म्हणून एरवी पलीकडे जाणारा माल अलीकडे वळू शकतो. मग पलीकडची आवक घटते, भाव चढतो, आणि फरक प्रत्यक्षापेक्षा मोठा दिसतो. उपाय म्हणून दोन तक्ते : एक सीमेजवळच्या मंड्यांचा, दुसरा लातूर-वाशिमसारख्या लांबच्या. दोन्हींतून एकच दिशा निघाली तरच पुढे बोलायचं.

२०१६ला पायाभूत वर्ष धरलं होतं. ८ नोव्हेंबर २०१६ची नोटबंदी ऐन हंगामात पडली, हे विसरून. शिवाय त्या हंगामातल्या सोयाबीनला महाराष्ट्राने क्विंटलमागे २०० रुपयांचं अनुदान दिलं होतं. पाया बदलून २०११ ते २०१५ केला, २०१६ धरून आणि वगळून असे दोन्ही निकाल दिले.

१७ नोव्हेंबर २०१७ला कच्च्या सोयातेलाचं आयात शुल्क १७.५ वरून ३० टक्के झालं. ते सगळ्या राज्यांना सारखं लागू, आठवड्याच्या स्थिर घटकात (त्या आठवड्यात सगळ्यांना सारखं लागू असलेलं वजा करणाऱ्या घटकात) धुऊन निघतं, असं मॅडमना सांगितलं. त्यांचं म्हणणं : तेल गिरण्या सगळीकडे सारख्या आहेत का? इंदूरच्या आसपास त्यांची दाटी आहे, इथला भाव लवकर हलू शकतो. म्हणून १७ नोव्हेंबरच्या आधीच्या दिवसांवर वेगळी चाचणी घेतली.

३ फेब्रुवारी

रिग्रेशन, म्हणजे योजनेचा परिणाम बाकीच्या गोष्टींपासून वेगळा काढायचा हिशोब, ‘आर’च्या फिक्सेस्ट पॅकेजमध्ये. भावाचा लॉग, मंडीचा स्थिर घटक, वर्ष-आठवड्याचा स्थिर घटक, आणि ‘मध्य प्रदेश × २०१७ × योजना चालू’ हा खुणेचा चल (लागू तिथे १, नाहीतर ०). चालायला चार सेकंद. पहिल्या तक्त्यात सगळीकडे तीन-तीन तारे आले, म्हणजे निकाल योगायोगाचा वाटत नाही याची खूण.

ते तारे खोटे होते. प्रमाण त्रुटी (अंदाज किती डळमळीत आहे त्याचं माप) मंडीनिहाय गटांत काढल्या होत्या, आणि धोरण तर राज्याचं आहे. एका राज्यातल्या मंड्या एकाच दिवशी एकत्र हलतात, त्या शंभर असल्या तरी शंभर स्वतंत्र साक्षीदार होत नाहीत. राज्यनिहाय गट केले तर गट तीनच. वाइल्ड बूटस्ट्रॅप लावला, म्हणजे गटांची चिन्हं उलटसुलट करून तोच हिशोब पुन्हा पुन्हा, तोही अडकला. तीन गटांच्या चिन्हांच्या जुळण्या २ × २ × २ = ८, त्यातल्या निम्म्या आरशातल्या. वेगळी उत्तरं जेमतेम चार. ९,९९९ फेऱ्या मागितल्या तरी त्याच चार फिरून येतात.

शेवटी केलं ते असं : २०११ ते २०१६ या सहा वर्षांत प्रत्येक वर्षी १६ ऑक्टोबरला खोटी योजना सुरू झाली असं धरून तोच हिशोब, आणि २०१७चा आकडा त्या रांगेत कितवा येतो ते बघायचं. सात वर्षांत सर्वात टोकाचा आला तरी सातात एक, म्हणजे ०.१४. निकाल योगायोगाने येण्याची शक्यता पाच टक्क्यांहून कमी, हा नेहमीचा दावा या आकडेवारीतून निघूच शकत नाही. हे वाक्य निष्कर्षात न लपवता पद्धतीच्या प्रकरणात घातलं.

२० फेब्रुवारी

आवक जास्त होती म्हणून भाव पडला असेल, या शंकेवर उपाय म्हणून रिग्रेशनमध्ये आवक घातली. योजनेच्या परिणामाचा गुणांक लहान झाला, बरं वाटलं. मॅडमनी ती ओळ खोडली. योजनेची मुदत ठरलेली, म्हणून माल त्याच आठवड्यांत लोटला जातो. आवक हा योजनेचाच परिणाम आहे. ती स्थिर धरली की योजनेचा एक रस्ता आपणच बंद करतो आणि उरलेल्याला ‘योजनेचा परिणाम’ म्हणतो. आवक वेगळ्या तक्त्यात, स्वतंत्र परिणाम म्हणून दाखवली.

यामुळे शीर्षकातला ‘व्यापाऱ्यांचं संगनमत’ हा शब्दही गेला. भाव पडण्याची दोन कारणं संभवतात, खरेदीदारांनी बोली खाली धरणं आणि माल एकदम येणं. रोजचा भाव आणि आवक यांतून ती वेगळी करता येत नाहीत. चमचमीत शब्द सोडताना वाईट वाटलं, पण व्हायवात (तोंडी परीक्षेत) त्यावरच पकडलं असतं.

१९ मार्च

आज रंगपंचमी, राजवाड्यावर गेर (रंगांची मिरवणूक), वाचनालय बंद. लेखन चालू. शासनाच्या जुन्या आदेशांतला मजकूर क्रुतिदेव फाँटमध्ये असतो. कॉपी केला की अक्षरांचा काला येतो. नियम पुन्हा टंकित केले, साडेपाच पानं. मजकूर कुठून उचलला आहे का, या जुळणीच्या तपासणीत सर्वात जास्त रंग याच पानांना चढला, कारण नियम शब्दशः उतरवले होते. स्वतःच्या शब्दांत लिहून मूळ मजकूर परिशिष्टात टाकला.

२१ एप्रिल

भंवरकुआँजवळ छपाई. ७८ पानं, त्यातली ९ रंगीत, चार प्रती. साधी पानं २७६ × २ = ५५२. रंगीत ३६ × १० = ३६०. पक्की बांधणी ४ × १८० = ७२०. एका प्रतीत तक्ता ४.२ उलटा बांधला गेला, पुन्हा १८०. फॉर्म १६०, मंडीच्या तीन फेऱ्या २४०. एकूण २,२१२ रुपये. ‘आर’ फुकट.

वेळ : साफसफाई साधारण ११० तास, लेखन ६०, रिग्रेशन ९.

आलेखांच्या रेषा रंगाने वेगळ्या ठेवल्या नसत्या, तुटक आणि सलग केल्या असत्या, तर ३६० रुपयांतले बहुतेक वाचले असते.

९ मे

व्हायवा २५ मिनिटं. विचारलं ते : २,५८० कसा आला, तोंडी सांगा. राजस्थानच का, गुजरात का नाही? २०१६ वगळल्यावर चिन्ह बदलतं का? काढून टाकलेल्या ओळी कुठल्या मंड्यांच्या होत्या? शेवटच्या प्रश्नाला तक्ता तयार नव्हता. बाद ओळी राज्यनिहाय, वर्षनिहाय मोजून परिशिष्टात घालाव्यात, अर्ध्या तासाचं काम आहे.

पुरवणी, नोव्हेंबर २०२५

या खरिपात मध्य प्रदेशात भावांतर परत आलं आहे, फक्त सोयाबीनसाठी. हमीभाव ५,३२८, विक्री २४ ऑक्टोबरपासून, म्हणजे पुन्हा दिवाळीला चिकटूनच. २०१७ला आठ पिकं होती, यंदा एकच, त्यामुळे त्याच मंडीतला मका तुलनेला घेता येईल आणि राज्यांची संख्या तीनवर अडकणार नाही. हा विषय घेणाऱ्याने भाव रोज संध्याकाळी उतरवून ठेवावेत, तारखेसकट, सीएसव्हीमध्ये. मंड्यांच्या नावांचा तक्ता आणि साफसफाईचा कोड विभागाच्या संगणकावर ‘सोया २०१७’ या फोल्डरमध्ये आहे. त्यातली ‘जोडणी जुनी’ ही फाइल वापरू नये, मे महिन्यातलं सोयाबीन अजून तिच्यातच आहे.